डीएनए गुंडाळणारी प्रथिने डोळ्यांनी पाहायची असतील तर : प्रोटीन डेटा बँकेच्या वापराचा अनुभव

गुणसूत्रातली प्रथिने डीएनएला कशी धरतात, त्यांची घडी कशी पडते आणि त्या घडीमुळे डीएनए कुठे व किती वाकतो, हे बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी गेली अनेक वर्षे प्रोटीन डेटा बँक ही ऑनलाइन सेवा वापरते आहे. प्रयोगाने ठरवलेल्या प्रथिनांच्या आणि न्यूक्लिइक आम्लांच्या त्रिमितीय रचना येथे साठवलेल्या असतात. कोणालाही त्या विनामूल्य पाहता येतात, उतरवून घेता येतात आणि हव्या तशा वापरता येतात. त्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही की परवानगी मागावी लागत नाही. या सेवेबद्दल मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून शिक्षिकेच्या नजरेतून, आणि मुद्दाम एकाच विषयाच्या अंगाने, तिची ओळख व परीक्षण येथे करते आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. या सेवेचे खरे मोल तिच्या सुंदर चित्रांत नाही. प्रत्येक चित्राच्या मागे कोणता पुरावा आहे, तो किती भक्कम आहे आणि रचनेचा कोणता भाग प्रयोगात दिसलाच नाही, हे ती चित्राच्या शेजारीच मांडून ठेवते, म्हणून मला ती मोलाची वाटते. गुणसूत्रातल्या प्रथिनांच्या बाबतीत हा गुण विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांचा अर्धा स्वभाव पक्क्या घडीत असतो आणि अर्धा घडी नसलेल्या, सतत हलणाऱ्या टोकांत असतो.

हा संग्रह १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाला. आज ही संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. २००३ पासून अमेरिका, युरोप आणि जपान येथील केंद्रे मिळून एकच सामाईक संग्रह सांभाळतात आणि प्रत्येक केंद्र तो आपापल्या संकेतस्थळावरून देते. मी मुख्यतः आरसीएसबी हे अमेरिकी केंद्राचे संकेतस्थळ वापरते, त्यामुळे पुढचे वर्णन त्याचे आहे.

आता विषयाकडे येते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते, आणि तो मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढ्या केंद्रकात मावलेला असतो. या आवरासावरीची पहिली पायरी हिस्टोन नावाची प्रथिने पार पाडतात. अल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ साली ती पक्ष्याच्या तांबड्या पेशींतून वेगळी काढली. मात्र ती नेमके काय करतात हे कळायला १९७४ उजाडले, आणि रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोन व त्यांच्याभोवतीचा डीएनए असे एकक मांडले. हेच न्यूक्लिओसोम. पाठ्यपुस्तकात ते दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे काढलेले असते. त्या चित्राने एक गैरसमज होतो, कारण मण्यातून दोरा आरपार जातो, तर न्यूक्लिओसोममध्ये दोराच मण्याभोवती गुंडाळलेला असतो. फळ्यावर कितीही खडू झिजवला तरी हा फरक मुलांच्या मनात पक्का बसत नाही, असा माझा अनुभव आहे. पडद्यावर ती रचना स्वतःच्या हाताने फिरवली की दोन मिनिटांत बसतो.

त्यासाठी शोधपेटीत १एओआय हा चार अक्षरांचा संकेतांक टाइप करावा. अक्षरे अर्थात रोमन लिपीत. ही कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुरिकमध्ये स्फटिकावर क्ष-किरण टाकून ठरवलेली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली न्यूक्लिओसोमच्या गाभ्याची रचना आहे. तिच्याआधी १९८४ मध्ये सात अँगस्ट्रॉम विभेदनाचे चित्र मिळाले होते (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश; विभेदनाचा आकडा जितका लहान तितका बारीक तपशील दिसतो). त्यात एकूण आकार कळत होता, पण अणू वेगळे दिसत नव्हते. १९९७ च्या रचनेचे विभेदन २.८ अँगस्ट्रॉम आहे, आणि येथे अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्याही ओळखता येतात. यातले हिस्टोन आफ्रिकी बेडकाचे आहेत, जिवाणूंमध्ये तयार करून घेतलेले, आणि डीएनए मानवी गुणसूत्रातल्या एका पुनरावृत्त क्रमावरून घेतलेला, १४६ बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या जिन्याच्या १४६ पायऱ्यांचा, आहे. पानावर या सर्व गोष्टी नीट नोंदवलेल्या असतात : कोणती साखळी कोणत्या प्रथिनाची, ती कोणत्या प्राण्याची, ती कोणत्या सजीवात तयार केली. ए ते एच या आठ साखळ्या हिस्टोनांच्या आणि आय व जे या दोन डीएनएच्या. एवढे एकदा वहीत लिहून घेतले की पुढे गोंधळ होत नाही.

रचना बघण्यासाठी पानावरच मोल-स्टार नावाचा दर्शक आहे. तो ब्राउझरमध्येच चालतो, वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही. ज्या महाविद्यालयात संगणकावर काही बसवायचे म्हटले की अर्ज, सही आणि आठवडाभराची वाट आलीच, तेथे ही सोय किती मोठी आहे हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. माउसने रचना फिरते, चाकाने जवळ-दूर होते, आणि वरच्या पट्टीत अमिनो आम्लांचा क्रम दिसतो, त्यावर टिचकी मारली की रचनेत तीच जागा उजळते.

प्रथम मी सगळा डीएनए लपवायला सांगते आणि हिस्टोनांकडे बघायला लावते. चारही प्रकारच्या हिस्टोनांची, म्हणजे एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांची, मधली घडी जवळजवळ एकसारखी आहे, हे तेव्हा लक्षात येते : मधोमध एक लांब अल्फा हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी पिळलेली साखळी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड हेलिक्स, आणि त्यांना जोडणारी दोन वळणे. अमिनो आम्लांच्या क्रमांत फारसे साम्य नसताना घडी मात्र सारखी, ही गोष्ट मुलांना पहिल्यांदा चकित करते, आणि ती चकित व्हावीत असेच मला वाटते. मग मी फक्त एच३ आणि एच४ यांची एकच जोडी पडद्यावर ठेवते. दोघांच्या लांब हेलिक्स उलट दिशांना तोंड करून एकमेकींवर आडव्या पडलेल्या असतात. शास्त्रीय लेखनात याला हस्तांदोलन म्हणतात, पण आमच्या वर्गात फुगडी हाच शब्द रूढ झाला आहे. फुलीसारखे हात गुंफून समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघींपैकी एकीने हात सोडला तर दुसरीचाही तोल जातो, आणि येथेही नेमके तसेच होते. एकटा एच३ किंवा एकटा एच४ अशी स्थिर घडी धरून ठेवू शकत नाही, त्याला जोडीदार लागतो.

घडीचा हा मुद्दा प्रयोगशाळेतल्या कृतीशी जोडून दाखवता येतो. जिवाणूंमध्ये तयार केलेले हिस्टोन प्रथम घडी मोडणाऱ्या तीव्र ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये पूर्ण उलगडतात. मग चारही हिस्टोन समप्रमाणात एकत्र करून, डायलिसिसने, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्यातून, ग्वानिडिन काढून टाकत, त्यांना दोन मोलर मिठाच्या द्रावणात आणतात. तेथे आठांचा गोळा आपोआप जुळतो. एवढे मीठ कशाला, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर पडद्यावरच असते. गोळ्याच्या कडेने लायसिन आणि आर्जिनिन यांची इतकी दाटी आहे, म्हणजे इतका धन प्रभार एका जागी आहे, की तो शमवायला ऋण प्रभाराचा डीएनए तरी हवा, नाही तर भरपूर मीठ तरी. दोन्ही नसतील तर गोळा सुटून एच३-एच४ चे चौकडे आणि एच२ए-एच२बी च्या जोड्या वेगळ्या होतात. नंतर डीएनए मिसळून मीठ हळूहळू कमी करत नेले की मिठाची जागा डीएनए घेतो आणि न्यूक्लिओसोम तयार होते. हे वाक्य पुस्तकात वाचून पाठ होते. आठांचा गोळा पडद्यावर प्रभारानुसार रंगवून कडेची निळी पट्टी डीएनएच्या वाटेने वळत गेलेली पाहिली की ते कळते.

आता डीएनए परत आणावा. डीएनएच्या दोन खाचांपैकी अरुंद खाच ज्या ज्या ठिकाणी हिस्टोनांकडे तोंड करते, त्या त्या ठिकाणी दोघांचा संपर्क येतो. अशा जागा १४ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एका आर्जिनिनची लांब बाजूसाखळी खाचेत शिरलेली आढळते. मी मुलांना त्यातले एक आर्जिनिन शोधून त्यावर टिचकी मारायला सांगते. टिचकी मारताच दर्शक त्या अवशेषाजवळ, म्हणजे साखळीतल्या त्या अमिनो आम्लाजवळ, नेतो, आसपासचे अणू काड्यांसारखे दाखवतो आणि हायड्रोजन बंध तुटक रेषांनी जोडतो. दोन फॉस्फेटच्या कण्यांमधून आत गेलेला तो हात, त्याच्या टोकाचा ग्वानिडिनियम गट, आणि बाजूने मुख्य साखळीच्या नायट्रोजनपासून फॉस्फेटपर्यंत गेलेली एक तुटक रेषा, एवढे एक दृश्य नीट पाहिले तर न्यूक्लिओसोम कुठल्याही क्रमाच्या डीएनएवर का बसू शकतो याचा अर्धा उलगडा होतो. बहुतेक पकड कण्याची आहे, बेसांची अक्षरे वाचण्याची नाही.

येथे एक जुनी आठवण सांगणे आवश्यक वाटते. आमच्या विभागात शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून आणलेले डीएनएचे प्लॅस्टिकचे मोठे मॉडेल होते, आणि दोन वर्षे आम्ही ते विश्वासाने वापरले. एका प्रात्यक्षिकात एका मुलीने पडद्यावरचा १एओआयचा डीएनए आणि टेबलावरचे मॉडेल आलटून पालटून पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, आपला जिना उलटा चढतोय." तिचे बरोबर होते. पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. समोरून पाहिले तर पुढची कडा डावीकडून उजवीकडे वर चढते. आमचे मॉडेल डाव्या पिळाचे होते. माझ्या हातून दोन वर्षे चूक शिकवली गेली याची खंत मला अजून आहे. त्या दिवसापासून मी कोणतेही मॉडेल किंवा छापील चित्र आधी या संग्रहाशी ताडून पाहते.

याच्याशीच लागून असलेली गुंतागुंत अशी की न्यूक्लिओसोममध्ये डीएनएचा स्वतःचा पीळ उजवा असला तरी हिस्टोनांभोवती त्याची गुंडाळी डावी आहे, आणि ती सुमारे १.६५ वेढ्यांची आहे. परीक्षेत येथे निम्मा वर्ग चुकतो. भोवऱ्याला जाळी गुंडाळतानाचे उदाहरण मला उपयोगी पडले : जाळीच्या सुताला स्वतःचा पीळ असतो, आणि भोवऱ्याभोवती आपण ती कोणत्या बाजूने गुंडाळतो ही निराळी गोष्ट असते. आधी हातात भोवरा, मग पडद्यावर १एओआय, असा क्रम ठेवला की गोंधळ राहत नाही.

१एओआयनंतर १केएक्स५ उघडावे, असे मी आग्रहाने सांगेन. २००२ मध्ये त्याच गटाने प्रसिद्ध केलेली ही रचना १.९ अँगस्ट्रॉमची आहे आणि तिच्यात डीएनए १४७ बेसजोड्यांचा आहे. एका बेसजोडीचा हा फरक क्षुल्लक नाही. आधीच्या प्रयोगात १४६ जोड्यांचा डीएनए ७३ आणि ७३ असा समान विभागला जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मध्यरेषा एका बेसजोडीवरच आली, त्यामुळे एका अर्ध्यात ७३ आणि दुसऱ्यात ७२ जोड्या उरल्या, आणि तो तोकडा अर्धा ताणून लांबीत बसवला गेला. म्हणजे हिस्टोनांच्या घडीतला डीएनए एखादी जोडी कमी-जास्त सामावून घेण्याइतका लवचीक आहे. दोन्ही रचना शेजारी ठेवून हे स्वतः मोजता येते, आणि मोजण्याची साधने दर्शकातच आहेत. १केएक्स५ मध्ये तीन हजारांहून अधिक पाण्याचे रेणूही नोंदवलेले आहेत. प्रथिन आणि डीएनए यांच्या मधल्या फटीत पाणी बसलेले असते, आणि कित्येक ठिकाणी दोघांचा संबंध त्या पाण्याच्या मध्यस्थीने जुळतो, हे मी स्वतःही या रचनेतूनच नीट शिकले.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे वळते. हिस्टोनांना घडीबाहेर लोंबणाऱ्या शेपट्या असतात. पेशी जनुके उघडताना वा मिटताना ज्या रासायनिक खुणा करते, त्यांतल्या पुष्कळशा याच शेपट्यांवर असतात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात त्या नागमोडी रेषांनी टोकापर्यंत काढलेल्या असतात. १एओआय उघडल्यावर मात्र त्या मध्येच संपतात. एच४ ची एक शेपटी १६ व्या अवशेषापासून दिसते आणि ती स्फटिकातल्या शेजारच्या न्यूक्लिओसोमच्या एच२ए-एच२बी वरील आम्लधर्मी भागाला जाऊन टेकते. तिच्या आधीचे १५ अवशेष नाहीत. ते प्रथिनात आहेत, स्फटिकातही आहेत, परंतु प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी हलत असल्याने क्ष-किरणांना त्यांचा ठसा मिळालेला नाही. संकेतस्थळावरच्या क्रमाच्या पानावर अशा न दिसलेल्या अवशेषांची स्वतंत्र पट्टीच असते. ती पट्टी हा माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. १केएक्स५ मध्ये शेपट्या पूर्ण दाखवलेल्या आहेत, पण त्यांना बी-फॅक्टरनुसार, म्हणजे अणूची जागा किती अनिश्चित आहे ते सांगणाऱ्या आकड्यानुसार, रंगवून पाहिले तर त्यांची जागा गाभ्याइतकी निश्चित नाही हे लगेच कळते. विद्यार्थ्याने येथे थांबून स्वतःला विचारले पाहिजे की हा अणू येथे दिसला, की येथे असावा म्हणून ठेवला.

प्रत्येक रचनेच्या पहिल्याच पानावर गुणवत्तेच्या आडव्या सरकपट्ट्या असतात, लाल टोकाकडे कमी दर्जा आणि निळ्या टोकाकडे चांगला. एक खूण संग्रहातल्या सर्व क्ष-किरण रचनांच्या तुलनेत ही रचना कुठे बसते ते सांगते, दुसरी तेवढ्याच विभेदनाच्या रचनांच्या तुलनेत. जुन्या रचनांच्या खुणा पुष्कळदा लाल बाजूला सरकलेल्या दिसतात. त्यावरून त्या टाकाऊ ठरत नाहीत, पण बाजूसाखळीच्या बारकाव्यांवर किती भिस्त ठेवायची याचा अंदाज येतो. या पट्ट्यांपैकी एकीवर रामचंद्रन हे नाव आहे. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये १९६३ साली सहकाऱ्यांसह मांडलेला, प्रथिनाच्या कण्याचे कोन कोणते असू शकतात आणि कोणते असू शकत नाहीत हे दाखवणारा आलेख, आज जगात कोणत्याही प्रथिनाची रचना या संग्रहात दाखल होताना कसोटी म्हणून लावला जातो. वर्गात ही पट्टी दाखवताना मला प्रत्येक वेळी अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

हिस्टोनांपुरते थांबू नये. १एझेडपी उघडावे. सॅक७डी नावाचे हे इवलेसे प्रथिन सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियस या आर्कियात, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवात, सापडते. हा सूक्ष्मजीव आम्लधर्मी गरम झऱ्यांत, ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमानात वाढतो, आणि त्याच्याजवळ हिस्टोन नाहीत. त्याच्या गुणसूत्रावर सॅक७डीसारखी छोटी प्रथिने बसलेली असतात. अवघ्या ६६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन एकट्यानेच घडी धरते : बीटा पट्ट्यांचे, म्हणजे साखळीच्या ताणलेल्या भागांचे, अर्धवट पिंप आणि त्याच्या तोंडावर झाकणासारखी बसलेली एक अल्फा हेलिक्स. ही घडी सुमारे ९० अंशांपर्यंत टिकते, आणि तापवून उलगडलेले प्रथिन थंड केले की पुन्हा तीच घडी धरते. त्यामुळे प्रथिनांची घडी कोणत्या बलांमुळे टिकते याचा अभ्यास करणाऱ्यांचे हे आवडते प्रथिन आहे.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेत सॅक७डी आठ बेसजोड्यांच्या तुकड्यावर बसलेले आहे. पडद्यावर डीएनए आडवा धरून बघावे. तीन पट्ट्यांचा बीटा पत्रा अरुंद खाचेवर आडवा पडला आहे, आणि त्यातून व्हॅलिन २६ व मेथिओनिन २९ यांच्या तेलकट बाजूसाखळ्या एकावर एक रचलेल्या बेसजोड्यांच्या मध्ये घुसल्या आहेत. लाकूड फोडताना पाचर मारावी तसे. त्या जागी डीएनए एकदम सुमारे ६० अंशांनी मोडल्यासारखा वळतो. न्यूक्लिओसोममध्ये १४७ जोड्यांवर वाटून घेतलेला बाक आणि येथे एका ठिकाणी आलेले टोकदार वळण, हे दोन्ही एकापाठोपाठ दाखवले की डीएनए वाकवण्याच्या दोन रीती वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. एकीकडे धन प्रभाराचे हात कडेने ओढून धरतात, दुसरीकडे पाणी टाळणारी पाचर आतून फट पाडते. याच कुळातले एसएसओ७डी हे प्रथिन डीएनएची प्रत काढणाऱ्या डीएनए पॉलिमरेजला जोडून पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रासाठी, अधिक टिकून काम करणारी विकरे बनवली गेली आहेत, त्यामुळे ज्या मुलांनी प्रयोगशाळेत पीसीआर केला आहे त्यांना हे प्रथिन परके वाटत नाही.

आणखी एक संकेतांक केवळ जिव्हाळ्यापोटी सांगते : १एचएसटी. हिस्टोन एच५ च्या गोलाकार भागाची ही १९९३ मधली रचना आहे. एच१ आणि एच५ हे हिस्टोन गोळ्याच्या बाहेर, डीएनए आत शिरतो आणि बाहेर पडतो त्या जागी बसतात, आणि त्यांची घडी इतर हिस्टोनांसारखी नसून पंखधारी हेलिक्स प्रकारची आहे. या रचनेच्या कर्त्यांत व्यंकटरामन रामकृष्णन यांचे नाव आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या आणि पुढे २००९ मध्ये रायबोसोमसाठी नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने त्याआधी गुणसूत्रातल्या प्रथिनावर काम केले होते, हे विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

अल्फाफोल्ड, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करणारी संगणकप्रणाली, असताना हा जुना संग्रह कशाला, असे मला हल्ली विचारले जाते. अल्फाफोल्डचा संग्रह २०२१ पासून खुला आहे आणि त्यात वीस कोटींहून अधिक प्रथिनांची भाकिते आहेत. तीही सेवा उत्तम आहे आणि मी ती वापरते. एच४ ची तेथली आकृती पाहिली तर मधली घडी गडद निळी, म्हणजे खात्रीची, आणि शेपटी कमी खात्रीच्या रंगांत दिसते. आपली शंका ती सेवाही लपवत नाही. परंतु हा संग्रह मुळात एकेकट्या साखळीच्या भाकितांचा आहे, आणि ज्या हिस्टोनाला जोडीदाराशिवाय स्थिर घडीच धरता येत नाही, त्याला एकटे पाहून त्याची कथा अर्धीच कळते. डीएनए त्या आकृतीत नसतो. शिवाय हे भाकीत करणारी प्रणाली प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरच शिकली आहे. घरच्या विहिरीचे पाणी नळाने आले म्हणून विहीर बुजवू नये.

उणिवांबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. सर्व मजकूर इंग्रजीत आहे, आणि तोही तज्ज्ञांच्या इंग्रजीत. जपानी केंद्राचे संकेतस्थळ जपानीतूनही वाचता येते, मराठीत मात्र असे काही नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले पान पाहूनच दडपण येते. स्फटिकातला एकक आणि प्रत्यक्ष पेशीतला कार्यकारी समूह हे दोन वेगळे असू शकतात. पानावर ते दोन्ही दिलेले असले तरी नवख्याला त्यांतला फरक आपणहून कळत नाही, आणि अर्धे प्रथिन पाहून तेच पूर्ण समजण्याची चूक होते. फितीसारखी नेहमीची आकृती घडी समजण्यासाठी चांगली असली तरी ती आत पोकळी असल्याचा भास निर्माण करते, म्हणून एकदा तरी सर्व अणू भरीव गोळ्यांच्या रूपात दाखवावेत. मोबाइलवर रचना उघडते, पण न्यूक्लिओसोमएवढी मोठी रचना लहान पडद्यावर बोटाने फिरवताना नेमका अवशेष निवडणे कठीण जाते. संगणक आणि माउसच हवा.

ज्यांना थेट रचनेत उतरायची भीती वाटते, त्यांनी याच केंद्राच्या शैक्षणिक विभागातील महिन्याचा रेणू ही लेखमाला आधी वाचावी. डेव्हिड गुडसेल २००० पासून ती लिहीत आणि चितारत आले, आणि पहिल्याच वर्षी त्यांनी न्यूक्लिओसोमवर लिहिले आहे. एका पानाचा लेख आहे, भाषा सोपी आहे आणि चित्रातून सरळ रचनेकडे जाता येते. त्याच विभागात कागदाचे डीएनए मॉडेल छापून घडी घालण्यासाठी मिळते. आमच्या विभागात त्या प्लॅस्टिकच्या मॉडेलच्या जागी आता तेच उभे आहे, मुलांनीच घड्या घालून केलेले, आणि त्याचा जिना उजवीकडे चढतो.

सुरुवात करणाऱ्यांना माझा क्रम असा : आधी १एझेडपी, कारण ते लहान आहे आणि पाचर लगेच दिसते, मग १एओआय, साखळ्यांची अक्षरे वहीत लिहून, आणि शेवटी १केएक्स५, शेपट्या बी-फॅक्टरनुसार रंगवून. तीन तासांचे एक प्रात्यक्षिक याला पुरते. नव्या रचना दर आठवड्याला, आपल्याकडच्या वेळेनुसार बुधवारी पहाटे साडेपाचला, खुल्या होतात. मी प्रात्यक्षिक बुधवारीच ठेवते आणि संपताना शोधपेटीत न्यूक्लिओसोम हा शब्द टाकून, सर्वांत नवी रचना वर येईल असा क्रम लावून, त्या आठवड्यात काय आले आहे ते मुलांबरोबर पाहते.